जुन्या व्हॅनला विजेची मोटर : हिशेब आणि व्यवहार

मारुती कंपनीने २०१९ साली ‘ओम्नी’चे उत्पादन थांबवले, परंतु सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या रस्त्यांवरून ही चौकोनी व्हॅन अद्याप उतरलेली नाही. सकाळी शाळेची मुले, दुपारी बाजारातला माल, लग्नसराईत वऱ्हाड आणि एरवी वडाप, अशी सारी कामे एकाच गाडीकडून करून घेण्याची सवय या भागाला आहे. (वडाप म्हणजे थांब्यावर माणसे गोळा करून, गाडी भरली की निघणारी खासगी प्रवासी वाहतूक. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी तिला ‘शेअर’ची गाडी म्हणावे.) ओम्नीच्या बरोबरीने टाटांची ‘मॅजिक’, ‘एस’ म्हणजेच लोकांच्या तोंडचा ‘छोटा हत्ती’, आणि मारुतीचीच ‘ईको’ ही मंडळीही आता जुन्यांच्या रांगेत येऊन बसली आहेत.

पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडल्यापासून या गाड्यांचे मालक एक प्रश्न हमखास विचारतात : इंजिन काढून तेथे विजेची मोटर बसवता येईल का? तंत्राच्या आणि कायद्याच्या दृष्टीने याचे उत्तर ‘होय’ असे आहे. तथापि ‘बसवता येईल का’ आणि ‘परवडेल का’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गाडीगणिक बदलते. ज्याचे सारे भांडवल ती एक गाडीच आहे, त्याच्या बाबतीत चार-पाच लाखांचा अंदाज चुकणे म्हणजे घराची दोन-तीन वर्षांची कमाई बुडणे होय. म्हणून हा विषय हौसेचा न मानता हिशेबाचा मानावा.

दिल्लीत हा प्रश्न वेगळ्या कारणाने पुढे आला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात मज्जाव केला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांबाबत तेच धोरण कायम ठेवले. चांगल्या स्थितीतली गाडी भंगारात घालण्यापेक्षा ती विजेवर न्यावी, असा मार्ग तेथे निघाला. सातारा-सांगलीत वयाची अशी सरसकट बंदी नाही. गाडी फिटनेस तपासणीत उत्तीर्ण झाली आणि पर्यावरण कर भरला की ती चालवता येते. त्यामुळे येथे सक्ती कोणाचीच नाही; निर्णय केवळ व्यवहाराचा आहे.

इंजिन बदलण्याची जुनी रीत

गाडी एका इंधनावरून दुसऱ्या इंधनावर नेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा मुंबई प्रांतात कोळशाच्या गॅसवर मोटारी धावल्या. मागे लावलेली ती धुरकट टाकी पाहिलेली पिढी आता फारशी उरलेली नाही. पुढे पेट्रोल महागले तसे पेट्रोलच्या जीप आणि अँबेसेडर यांत डिझेल इंजिने बसवण्याचे काम गावोगावच्या गॅरेजमध्ये होऊ लागले. दक्षिण महाराष्ट्रात तर इंजिन ही घरातलीच वस्तू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली सांगली जिल्ह्यातील आजच्या किर्लोस्करवाडीत कारखान्याची वसाहत उभारली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी काढलेला कारखाना डिझेल इंजिनांसाठी नावाजला गेला. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे आज साताऱ्यातही थोड्यांना ठाऊक असेल.) उसाला पाणी पाजणाऱ्या इंजिनांच्या देखभालीतून येथील मिस्त्रींचा हात तयार झाला.

ही परंपरा अभिमानाची आहे, पण तिला एक मर्यादाही आहे. २०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातल्या सुट्या भागांतून, पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली. तिची चित्रफीत देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. मात्र त्याच वेळी, ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. कारागिरी आणि परवाना यांच्यात असलेले अंतर या एका उदाहरणात पुरेपूर दिसते. विजेच्या व्हॅनच्या बाबतीत तर ते अधिकच रुंद आहे, कारण डिझेल इंजिन चुकीचे बसले तर गाडी बंद पडते. बॅटरी चुकीची बसली तर आग लागू शकते.

पुण्यात या विषयाचा विचार पंधरा वर्षांपूर्वीच सुरू झाला होता. केपीआयटी या संगणक क्षेत्रातील कंपनीने भारत फोर्जच्या साथीने २०१० साली ‘रेवोलो’ नावाचा संच जाहीर केला. मूळ इंजिन जागेवर ठेवून त्याच्या जोडीला मोटर व बॅटरी बसवायची आणि इंधनात चाळीस टक्क्यांपर्यंत बचत साधायची, अशी ती कल्पना होती. परंतु चालू गाडीत असा बदल करण्याला त्या वेळच्या नियमांत नीट जागाच नव्हती आणि सामान्य मोटारमालकाच्या हाती तो संच कधी पडला नाही. त्याच कंपनीने डिझेलची विजेवर आणलेली बस डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते संसदेला देण्यात आली; तत्कालीन लोकसभाध्यक्षा सुमित्रा महाजन यांनी ती स्वीकारली. नियम आले ते त्यानंतर, २०१६ साली.

व्हॅनच्या पोटात काय बदलते

ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते आणि ते मागची चाके फिरवते. ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे हे इंजिन जेमतेम ३५ अश्वशक्तीचे. गाडीचे रिकामे वजनही ७८५ किलोच्या आसपास. या दोन गोष्टींमुळे ओम्नी रूपांतराला सोयीची ठरते. १५ ते २० किलोवॅटची मोटर तिला पुरते. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी काढली की शंभर किलोच्या जवळपास वजन कमी होते व जागाही मोकळी होते. गिअर बॉक्स सहसा तसाच ठेवतात. त्याला आणि मोटरला जोडणारी पोलादी तबकडी अचूक कातून घ्यावी लागते. त्यात केसभर फरक राहिला तरी गाडी थरथरते आणि काही महिन्यांत बेअरिंग जाते. कातकाम हा सांगली-साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींचा हातखंडा असल्याने हा भाग येथे अवघड नाही.

खरा प्रश्न बॅटरीचा आहे. भरलेली व्हॅन थांबत-थांबत चालवली, तर किलोमीटरला सुमारे ०.१४ युनिट वीज बॅटरीतून खर्च होते असे धरता येईल. (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास.) १५ युनिट साठवणारी बॅटरी घेतली आणि ती तळापर्यंत रिकामी करायची नाही हे पथ्य पाळले, तर एका चार्जमध्ये ८० ते ९० किलोमीटर जाता येते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची एवढी बॅटरी साधारण १२५ ते १४० किलो भरते. म्हणजे काढलेल्या आणि घातलेल्या वजनाचा मेळ जवळजवळ बसतो. हीच साठवण इन्व्हर्टरला वापरतात तशा शिशाच्या बॅटऱ्यांतून करायची म्हटली, तर वजन साडेचारशे किलोच्या घरात जाते. मग गाडी बॅटरीच वाहून नेणार; माणसांना जागा कोठली? ‘दीड लाखात विजेची ओम्नी’ असे कोणी सांगत असेल, तर बहुधा बॅटरी शिशाची असते किंवा अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचे असते.

काही बारीक गोष्टी मात्र मिस्त्रीच्या नजरेतून सुटतात. ज्या गाड्यांचा ब्रेक बूस्टर इंजिनाच्या निर्वात दाबावर चालतो, त्यांना इंजिन काढल्यावर वेगळा विजेचा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. नाही तर ब्रेक दगडासारखा लागतो. दिवे, वायपर आणि हॉर्न यांना १२ व्होल्टच लागतात, म्हणून मुख्य बॅटरीचा दाब उतरवणारे उपकरण हवे. आणि बॅटरीच्या प्रत्येक सेलवर देखरेख करणारी ‘बीएमएस’ ही यंत्रणा तर या साऱ्या व्यवस्थेचा प्राणच. सेल जास्त तापला, जास्त भरला किंवा जास्त उपसला गेला, तर प्रवाह तोडण्याचे काम ती करते. किंमत कमी करायची झाली की पहिली काटछाट नेमकी येथेच होते. २०२२ साली देशात विजेच्या दुचाकींना लागलेल्या आगींनंतर बॅटरीचे सुरक्षा निकष केंद्र सरकारने कडक केले, ते अकारण नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ओम्नीला पुढे नाक नाही; चालकाचे गुडघे आणि समोरची टक्कर यांच्यामध्ये पत्र्यापलीकडे फारसे काही नसते. नव्या सुरक्षा निकषांत ही रचना बसणार नाही, हे तिचे उत्पादन थांबण्यामागचे एक कारण होते. मोटर बसवल्याने हा दोष जात नाही.

कागद पक्के हवेत

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत परस्पर करता येत नाही. इंधन बदलण्याला मुभा आहे, पण ती मान्यताप्राप्त संच बसवूनच. पूर्ण विद्युत रूपांतराच्या कसोट्या ‘एआयएस-१२३’ या मानकाच्या तिसऱ्या भागात दिल्या आहेत. गाडी १ जानेवारी १९९० रोजी किंवा त्यानंतर बनलेली असावी आणि तिच्याकडे धोकादायक माल वाहण्याचा परवाना नसावा, या त्यातील ठळक अटी. त्यामुळे आपल्याकडे टेम्पो या शब्दाला ज्या गाडीने जवळजवळ पर्यायी नाव दिले, त्या जुन्या ‘मॅटाडोर’पैकी १९९० पूर्वीच्या गाड्यांना हे दार बंदच आहे.

येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. मान्यता गॅरेजला मिळत नसते, संचाला मिळते. आणि तीही विशिष्ट प्रकारच्या गाडीसाठी. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या चाचणी संस्थेकडून संच तपासून घेण्याची जबाबदारी तो बनवणाऱ्याची असते. डिझायरसाठी मान्य झालेला संच ओम्नीत बसवला, तर तो अमान्यच ठरतो. हैदराबादच्या ई-ट्रायो या कंपनीला २०१९ साली मोटारींच्या रूपांतरासाठी अशी मान्यता मिळाली. ठाण्याच्या गोगोए-१ ने २०२१ साली स्प्लेंडर मोटारसायकलसाठी सुमारे ३५ हजारांचा मान्यताप्राप्त संच आणला. बॅटरीचा खर्च वेगळा. पुण्याच्या नॉर्थवे मोटरस्पोर्टनेही मोटारींसाठी संच विकसित केले. आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी मान्यतेचे प्रमाणपत्र दाखवा, ही मागणी ग्राहकाने पहिल्याच भेटीत करावी. ते समोर ठेवले गेले नाही तर बोलणे तेथेच संपवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संच अधिकृत केंद्रात बसवून झाल्यावर गाडी परिवहन कार्यालयात तपासली जाते आणि आरसी बुकात इंधनाच्या जागी वीज अशी नोंद होते. साताऱ्याच्या एमएच-११, कराडच्या एमएच-५० आणि सांगलीच्या एमएच-१० या तिन्ही नोंदणीच्या गाड्यांना प्रक्रिया तीच. नंबरप्लेट हिरवी होते. त्याचे दोन लाभ आहेत. ऑक्टोबर २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने विजेवरील वाहतूक वाहनांना परमिटच्या अटीतून सूट दिली आणि ऑगस्ट २०२१ पासून त्यांना नोंदणी व तिच्या नूतनीकरणाचे शुल्क माफ झाले. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले, हे लक्षात घेता ही माफी अगदीच नगण्य नाही. पण तेवढ्यासाठी कोणी गाडी विजेवर नेऊ नये.

नोंद न करता गाडी चालवली तर काय होते? दंड होतो, तो भरता येतो. त्याहून गंभीर बाब विम्याची. विमा कंपनीला न कळवता केलेल्या फेरफारामुळे दावा नाकारला जाऊ शकतो, आणि मग अपघातात जखमी झालेल्या प्रवाशांच्या भरपाईचे लाखो रुपये मालकाच्या घरादारावर येऊ शकतात. ओम्नीच्या बाबतीत हा धडा एकदा गिरवून झाला आहे. गॅसवर गाडी चालवण्याचे मान्यताप्राप्त किट आले, त्यापाठोपाठ स्वस्त किट आले, आणि शेवटी घरगुती सिलिंडरमधून चोरून गॅस भरण्याचे अड्डे उभे राहिले. त्यातून झालेल्या स्फोटांच्या बातम्या वाचकांच्या स्मरणात असतील. विजेच्या बाबतीत तोच क्रम पुन्हा घडू नये, म्हणून परिवहन विभागाने आत्ताच लक्ष घालावे.

रुपये, आणे, पै

आता मुख्य हिशेब. खालील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपापले आकडे घालून ते पुन्हा मांडावेत. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि भरलेल्या ओम्नीची सरासरी १४ किलोमीटर धरली, तर किलोमीटरला साडेसात रुपये पडतात. विजेवर, चार्जिंगमधली गळती धरून, किलोमीटरला ०.१६ युनिट लागते. युनिटला १० रुपये धरले तर खर्च १ रुपया ६० पैसे. म्हणजे बचत किलोमीटरमागे जवळजवळ सहा रुपयांची.

मान्यताप्राप्त संच, लिथियम बॅटरी, बसवणूक आणि कागदपत्रे मिळून पाच लाख रुपये खर्च धरू. त्यातला निम्म्याच्या आसपास एकट्या बॅटरीचा. मिरज-सांगली-तासगाव अशा फेऱ्या करणारी गाडी दिवसाला ८० किलोमीटर आणि वर्षात ३०० दिवस धावली, तर २४ हजार किलोमीटर होतात व वर्षाला सुमारे १ लाख ४४ हजार रुपये वाचतात. ऑइल, फिल्टर, प्लग यांचा खर्च टळतो तो निराळा. पैसे साडेतीन वर्षांत निघतात. कर्जावर व्याज भरावे लागले तर चार-सव्वाचार वर्षांत. बॅटरी चांगल्या प्रतीची असेल तर ती दोन हजार वेळा भरता येते, म्हणजे या वापराला सहा-सात वर्षे पुरते. येथपर्यंत व्यवहार जमतो.

आता शाळेची व्हॅन घ्या. दिवसाला ४० किलोमीटर, वर्षाला २२० दिवस. एकूण ८,८०० किलोमीटर. बचत जेमतेम ५३ हजार. पाच लाख निघायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि वीस वर्षांची व्हॅन आणखी नऊ वर्षे टिकेल याची हमी कोण देणार? विजेवरची गाडी धावते तेव्हाच पैसे वाचवते. उभी राहिली तर केवळ गुंतवणूक अडकवते. पेट्रोलचा धूर मुलांच्या नाकातोंडात जाऊ नये हा विचार मोलाचा आहे, पण त्याची किंमत व्हॅनवाल्या काकांनी एकट्याने का भरावी, हा प्रश्नही रास्तच.

विजेचा खरा प्रतिस्पर्धी पेट्रोल नाहीच. तो सीएनजी आहे. गेल्या काही वर्षांत या दोन्ही जिल्ह्यांत सीएनजीचे पंप आले. किटचा खर्च ६० हजारांच्या आसपास. किलोला १८ किलोमीटर आणि दर ९० रुपये धरला, तर किलोमीटरला पाच रुपये पडतात. वर्षाला २४ हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे किट एका वर्षात वसूल होते. सीएनजीच्या तुलनेत विजेची जादा बचत वर्षाला ८० हजारांच्या घरात, आणि त्यासाठीची जादा गुंतवणूक चार लाख ४० हजार. म्हणजे साडेपाच वर्षे. गाडीचे उरलेले आयुष्य तेवढे नसेल तर हा सौदा करू नये.

मालवाहतुकीच्या बाबतीत आणखी एक स्पर्धक आहे. टाटांनी ‘एस’ची विजेवरील आवृत्ती मे २०२२ मध्ये आणली, तेव्हा तिची किंमत दहा लाखांच्या घरात होती. परंतु जून २०२५ मध्ये आलेल्या ‘एस प्रो’ची विजेवरील आवृत्ती सुमारे साडेसहा लाखांपासून सुरू झाली, बॅटरी १४.४ युनिटची आणि एका चार्जमध्ये १५५ किलोमीटर असा कंपनीचा दावा. नवी गाडी, नवी चासी, कंपनीची हमी आणि बँकेचे कर्ज हे सारे साडेसहा लाखांत मिळत असताना जुन्या छोट्या हत्तीवर पाच लाख घालणे शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय जुन्या गाडीच्या रूपांतराला बँका सहजासहजी कर्ज देत नाहीत, आणि ‘पीएम ई-ड्राइव्ह’ या केंद्राच्या योजनेतही अशा रूपांतराला अनुदान नाही.

प्रवासी व्हॅनची गोष्ट थोडी वेगळी. महिंद्राने २०१६ साली ‘ई-सुप्रो’ ही विजेवरील व्हॅन आणली होती, पण ती बाजारात टिकली नाही. सात-आठ माणसे नेणारी, परवडणाऱ्या दरातली विजेवरील व्हॅन हवी असेल, तर निवड फार थोडी आहे. रूपांतराला खरी जागा आहे ती या पोकळीतच : रोज ७०-८० किलोमीटर ठरलेल्या मार्गावर धावणारी, रात्री घरी परतणारी, पत्रा शाबूत असलेली प्रवासी व्हॅन. अशा गाड्या सांगली, मिरज, तासगाव, पलूस या सपाट पट्ट्यात बऱ्याच आहेत. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला चित्र बदलते.

घाटाचे गणित

वाई समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या वर, तर पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास. मध्ये पसरणीचा घाट. माणसांनी भरलेली सव्वा टनाची व्हॅन एवढ्या उंचीवर चढवायला नुसत्या चढाचीच अडीच युनिट वीज लागते. रस्त्याचा नेहमीचा खर्च मिळवला तर तेरा किलोमीटरच्या या टप्प्यात सव्वाचार युनिट जातात, म्हणजे सपाटीच्या दुपटीहून अधिक. साताऱ्याहून वाईमार्गे महाबळेश्वरला पोचेपर्यंत आपली १५ युनिटची बॅटरी जवळपास संपलेली असेल. मोटर चढाला दमत नाही, उंचीवरच्या विरळ हवेने तिचा जोर कमी होत नाही, हे खरे. पण साठा तर मोजकाच.

उतरताना मोटर उलटी जनित्रासारखी चालून थोडी वीज परत देते. येथे एक खोच आहे. वर जाऊन बॅटरी पूर्ण भरली आणि लगेच घाट उतरायला घेतला, तर परत येणारी वीज साठवायला जागाच नसते. सारा भार साध्या ब्रेकवर येतो. पेट्रोलच्या गाडीत चालक खालचा गिअर टाकून इंजिनावर गाडी रोखून धरतो. ती सवय असलेल्या हाताला हा बदल धोक्याचा ठरू शकतो. महाबळेश्वर, कास किंवा कुंभार्ली घाटातून कोकणात नेहमी जाणाऱ्या गाडीचे रूपांतर करू नये. करायचेच असेल तर बॅटरी मोठी घ्यावी आणि वर ती ८० टक्क्यांवरच थांबवावी.

मीटर आणि पूर

घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर साधारण तीन किलोवॅटने चार्जिंग होते. १५ युनिटला पाच-सहा तास. एक रात्र पुरते. मात्र दिवसाला १३ युनिट म्हणजे महिन्याला सव्वातीनशे ते चारशे युनिट. घरगुती मीटरवर एवढी भर पडली की बिल वरच्या टप्प्यात जाते आणि दहा रुपयांचा आपला हिशेब कोलमडतो. महावितरणच्या दरपत्रकात वाहन चार्जिंगचा वर्ग वेगळा आहे. व्यवसायाची गाडी असेल तर त्या वर्गातली स्वतंत्र जोडणी घ्यावी, अर्थिंग तपासून घ्यावे. रस्त्यावरच्या जलद चार्जरवर युनिटला वीस रुपये पडले, तर किलोमीटरचा खर्च तीन रुपयांवर जातो आणि सीएनजीशी असलेला फरक निम्म्याने घटतो. कोयनेची वीज आणि पाटणच्या पठारावरच्या पवनचक्क्या ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे खेड्यातली रात्रीची वीज अजूनही अधूनमधून दगा देते. हाही हिशेबात धरण्याचा भाग.

सांगलीकरांना एक वेगळी काळजी घ्यावी लागेल. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. जुलै २०२१ मध्येही ती ५४ फुटांच्या वर होती. धोक्याची पातळी ४५ फूट. नदीकाठच्या पेठांत आणि गावांत शेकडो गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पेट्रोलची गाडी पाण्यातून निघाल्यावर मिस्त्री ती खोलतो, ऑइल बदलतो आणि बहुतेक वेळा ती पुन्हा सुरू होते. बॅटरीच्या पेटीत गढूळ पाणी शिरले तर आतून गंज धरतो, आणि गाडी वरून कोरडी दिसू लागल्यावर कित्येक दिवसांनीही ती पेट घेऊ शकते. म्हणून पेटी ‘आयपी-६७’ दर्जाची, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारी असावी. मात्र पुरात चार-सहा दिवस बुडालेल्या गाडीला हा दर्जाही पुरत नाही. इशारा पातळी ४० फुटांची आहे. ती गाठली जाण्यापूर्वीच व्हॅन उंचावर नेऊन ठेवावी. गाडी बुडालीच तर चावी फिरवू नये, चार्जर लावू नये, ती घरापासून लांब उघड्यावर ओढून न्यावी आणि संच बसवणाऱ्या केंद्राच्या माणसाने बॅटरी सोडवेपर्यंत तिला कोणी हात लावू नये.